बाईंच्या पियानोतल्या तीन खुंट्या

आमच्या घरी पियानो आहे असं कळलं की लोक आधी विचारतात, वाजवतं कोण? मी म्हणते, मी. मग ते माझ्याकडे एकदा नीट बघून घेतात. पन्नाशी ओलांडलेली, सुती साडीतली, शाळेत इंग्रजी शिकवणारी बाई. माहेर मखमलाबादच्या बाजूचं, मेथी-कोथिंबीर आणि झेंडूच्या मळ्यातलं. त्यांच्या डोक्यात या दोन गोष्टी एका घरात बसत नाहीत. मला त्याचं वाईट वाटत नाही. आमच्या अख्ख्या भावकीत कॉलेजची पायरी पहिल्यांदा मी चढले, आणि पियानोही पहिल्यांदा माझ्याच घरात आला. दोन्ही एकाच बाईंमुळे.

खरं सांगायचं तर मला जेमतेम चार चाली येतात. माझं पियानोशी नातं वाजवण्याचं कमी आणि सांभाळण्याचं जास्त. नाशिकची हवा या वाद्याला मानवत नाही. मार्च लागला की लाकूड सुकतं आणि तारा उतरतात, म्हणून खालची फळी काढून आत पाण्याचं पसरट भांडं ठेवायचं आणि दर दोन दिवसांनी भरायचं. पावसाळ्यात सगळं उलट. लाकूड फुगतं, दाबलेली पट्टी वर यायचं नाव घेत नाही. तेव्हा भांडं काढायचं आणि आत एक छोटा बल्ब लावून ठेवायचा. माझी आई हे बघून म्हणायची, बाळंतिणीची खोलीसुद्धा एवढी कोणी राखत नाही.

एवढं करूनही हा पियानो तीस वर्षं कधी पुरता सुरात नव्हता. त्याचं कारण बाईंना माहीत होतं. मला माहीत होतं. जो माणूस दर रविवारी येऊन तो सुरात लावायचा, त्याला मात्र माहीत नव्हतं. तो माणूस म्हणजे माझे वडील. आम्ही त्यांना दादा म्हणायचो.

बाई शरणपूर रोडच्या मागे एका गल्लीत दोन खोल्यांच्या बैठ्या घरात राहायच्या. एकट्याच. इंग्रजी शाळेत आयुष्यभर शिकवून निवृत्त झालेल्या, ख्रिस्ती, लग्न केलेलं नव्हतं. आई सकाळी त्या भागात भाजीची पाटी घेऊन फिरायची. बाई मेथीची जुडी उलटी करून आधी मुळं बघायच्या, त्यामुळे आईच्या लेखी त्यांना मान होता. भाजी कळणारी बाई म्हणजे डोकं असलेली बाई, असा तिचा हिशोब. मी दहावीला इंग्रजीत काठावर पास झाले तेव्हा आईनं पाटी ओट्यावर टेकवून त्यांना सरळ विचारलं, "पोरीला कॉलेजात घालायची हाय. इंग्रजीचं तेवढं बघता का?"

बाईंनी हो म्हटलं आणि फी घेणार नाही म्हणून सांगितलं. फुकट काही घेणं आमच्या घरात कोणाला जमायचं नाही. त्या दिवसापासून बाईंना भाजी विकत घ्यावी लागली नाही, आणि त्यांच्या घरातली कडी, नळ, बिजागरी, शिवणयंत्र, जे काही फिरतं, उघडतं, मिटतं, ते सगळं दादांच्या ताब्यात गेलं. दादा सातपूरला एका कारखान्यात टूलरूममध्ये फिटर होते. शिक्षण सातवी. पण हातात कानस आली की शिकलेले इंजिनियर बाजूला उभे राहून बघायचे. हे मी कौतुकानं फुगवून सांगत नाही, त्यांच्यासोबत काम केलेल्यांनी मला सांगितलेलं आहे.

पियानो बाईंच्या पुढच्या खोलीत होता. कपाटाएवढा उंच, काळपट तपकिरी. आईनं पहिल्यांदा बघितला तेव्हा तिला ते कपाटच वाटलं होतं. बाईंनी झाकण उघडून थोडंसं वाजवून दाखवलं. आई पाटी कमरेवर घेऊन शेवटपर्यंत उभी राहिली आणि मग म्हणाली, "पेटीच की. मोठी पेटी." तेव्हापासून आमच्या घरात त्याचं नाव बाईंची मोठी पेटी असंच पडलं.

मी शिकायला संध्याकाळी पाचला जायची. बाई त्या वेळेला वाजवत असायच्या. मी फाटकाशी थांबायची, आत जायची नाही. आत गेलं की त्या वाजवणं बंद करून पुस्तक उघडायच्या. चाली कसल्या होत्या ते मला तेव्हा कळायचं नाही. बहुतेक देवळातल्या प्रार्थनांच्या असाव्यात, म्हणजे त्यांच्या देवळातल्या. मला लक्षात राहिला तो आवाज. एक पट्टी दाबली की एक सूर उभा राहायचा आणि अजिबात हलायचा नाही. टाकीतलं पाणी वाऱ्याशिवाय उभं असतं, तसा. माझ्या घरात तोवर मोटारीचा पंप, भांडी, भांडणं आणि रेडिओ एवढेच आवाज होते. एखादा आवाज इतका सरळ उभा राहू शकतो हे मी पहिल्यांदा त्या फाटकाशी ऐकलं. पुढे तीस वर्षं मी तोच आवाज परत ऐकायची वाट बघितली.

पियानो लावायला तेव्हा मुंबईहून एक वयस्कर गृहस्थ यायचे. वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि पावसाळा सरल्यावर. त्यांच्याकडे चामड्याची पिशवी, दोन पायांचा एक लोखंडी चिमटा आणि एक चावी. चिमटा गुडघ्यावर आपटून कानाशी धरायचे आणि कामाला लागायचे. एकदा ते आले तेव्हा दादा खिडकीची बिजागरी बसवत होते. दादांचं काम झालं, पण ते निघेनात. पेचकस हातात घेऊन तसेच पियानोमागे उभे.

त्या गृहस्थांनी त्यांना समजावून सांगितलं. एका सुरासाठी तीन तारा असतात. तिन्ही तारा अगदी सारख्या ताणलेल्या पाहिजेत. एक जरी केसभर सैल झाली तरी सूर थरथरतो, वाँव वाँव करतो. प्रत्येक तार एका लोखंडी खुंटीला गुंडाळलेली असते. चावीनं खुंटी हळूहळू फिरवायची. थरथर मंद होत जाते, आणखी मंद, आणि मग थांबते. थांबली की हात काढायचा.

दादा म्हणाले, "बेअरिंग जायला लागलं की असाच आवाज येतो." आणि पेचकसाची मूठ कानाला लावून, टोक हवेत टेकवून दाखवलं, चालू मशीनला ते कसं ऐकतात ते. त्या गृहस्थांनी हसून चावी त्यांच्या हातात दिली आणि एक तार मुद्दाम उतरवली. दादांनी ती लावली. एका दमात, पुढे-मागे न करता. गृहस्थ बाईंना म्हणाले, "ह्यांचा कान कारखान्यात वाया चाललाय." दादा तो शब्द न् शब्द घरी येऊन आईला सांगत बसले होते. आई म्हणाली, कान चांगला असंल तर मी काय बोलते ते पण ऐकत जा.

पुढच्या वर्षी त्या गृहस्थांच्या घरून पत्र आलं की आता त्यांच्यानं प्रवास होत नाही. नाशकात दुसरं कोणी हे काम करणारं नव्हतं. बाई थट्टेत म्हणाल्या, "फिटरसाहेब, आता तुम्हीच बघा." दादांना थट्टा समजायची नाही, कामाच्या बाबतीत तर नाहीच. त्यांनी कपड्याच्या साबणाच्या वडीत खुंटीच्या डोक्याचा ठसा घेतला आणि कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत बसून चावी बनवली. टाकाऊ टूल स्टीलचा तुकडा. आतलं चौकोनी भोक वर रुंद, आत निमुळतं, सगळं हातानं कानशीनं घासलेलं. मूठ जुन्या रंध्याची, शिसवीची. तीन आठवडे लागले. ती चावी खुंटीवर बसायची ती खट्ट करून, हलायचं नाव नाही.

त्या हिवाळ्यात बाईंचा पियानो मुंबईच्या गृहस्थांच्या वेळी वाजायचा तसाच वाजला. मी बारावीला होते. फाटकाशी उभी राहून ऐकताना मला कळत होतं की आतला हा सूर माझ्या बापानं उभा केलाय.

मग एप्रिल आला. बाई ईस्टरला भावाकडे नगरला गेल्या होत्या. कुंड्यांना पाणी घालायला घराची किल्ली आमच्याकडे. दादा एका सकाळी मला घेऊन गेले, म्हणाले, बाई यायच्या आधी पेटी लावून ठेवू, त्यांना बरं वाटेल. पण उन्हाळ्यानं सगळं सुकलेलं. खुंटी फिरवली की कुरकुर वाजायची, अडकायची, मग एकदम सुटून जास्त फिरायची. दादांनी चार-पाच खुंट्या करून बघितल्या आणि चावी खाली ठेवली.

"कोरडंठाक झालंय," ते म्हणाले. "लोखंड असं कोरडं ठेवत्यात का कधी."

ते सायकलवर टांग मारून गेले आणि घरून तेलाची लांब नळीची बुधली घेऊन आले. स्पिंडल ऑइल, पाण्यासारखं पातळ, महागड्या मशीनच्या पोटात घालतात ते. प्रत्येक खुंटीच्या बुडाशी एक थेंब, जास्त नाही. थेंब आत जाईपर्यंत थांबायचं, मग सुती चिंधीनं पुसून घ्यायचं. मी टॉर्च धरला होता. हे मला मुद्दाम लिहावंसं वाटतं, कारण पुढे सगळं दादांच्या एकट्याच्या नावावर जातं. अंधारात खुंटी कुठली राहिली ते मी दाखवत होते. मधला सगळा पट्टा झाला. कडेच्या खुंट्या राहिल्या, कारण त्यांना सेकंड शिफ्टला जायचं होतं.

"बघ," चावी एका बोटानं फिरवून दाखवत ते म्हणाले, "आता कशी लोण्यावानी फिरतीय."

खरंच लोण्यासारखी फिरत होती.

बाई आठ दिवसांनी आल्या. मी गेले तेव्हा त्या पियानोपुढे बसल्या होत्या आणि एकच पट्टी पुन्हा पुन्हा दाबत होत्या. सूर थरथरत होता. मग उठून त्यांनी वरचं झाकण उचललं, आत बोट घातलं आणि बोटाचा वास घेतला. मला वाटलं आता माझी शिकवणी संपली. मी कॉलेजात जाणार नाही. मळ्यात झेंडू तोडणार.

त्या रागावल्या नाहीत. मला जवळ बोलावून टॉर्च धरायला सांगितला, आणि वर्गात समजावतात तसं समजावलं. खुंटी लोखंडाची असली तरी ती लाकडात ठोकलेली असते. लाकूड तिला करकचून धरतं, त्या कुरकुरीवरच सगळं उभं आहे. तेल लाकडात मुरलं की लाकडाची पकड जाते. तार ओढत राहते, खुंटी सरकत राहते. आणि मुरलेलं तेल बाहेर काढता येत नाही.

मी विचारलं, दादांना बोलावून आणू का.

"नाही," बाई म्हणाल्या. "त्यांना हे कधीच सांगायचं नाही. विचारलं तर म्हणायचं, हवा."

"पण बाई, पेटी?"

"रविवारी लावली तर शनिवारपर्यंत उतरेल. मला चालेल."

त्यानंतरचा एकही रविवार सोडला नाही दादांनी. सकाळची अंघोळ झाली की धुतलेला शर्ट घालून, चावी रुमालात गुंडाळून निघायचे, मागे कॅरियरवर मी आणि माझी वही. बाई दार उघडताना म्हणायच्या, "फिटरसाहेब, ही तुमची नाशिकची हवा." दादा खजील व्हायचे, जसं काही हवा त्यांनीच सोडली होती. मग कामाला लागायचे. दोन तारांमध्ये रबराचा तुकडा खोचायचा, एक तार लावायची, मग दुसरी, मग तिसरी. प्रत्येक सुराला विचारायचे, "थांबली का?" बाई डोळे मिटून ऐकायच्या आणि म्हणायच्या, "थांबली."

मग चहा आणि नानकटाई. सुरुवातीला दादा उंबऱ्याजवळ स्टुलावर बसायचे. वर्षभरानं खुर्चीवर आले. घरी दहा वाक्यं न बोलणारा माझा बाप तिथे बसून लेथवर काय चुकतं, नवा साहेब कसा आहे, घाटावरचा ट्रक कसा उलटला, असं सगळं सांगायचा. बाई माझा निबंध तांबड्या पेननं तपासता तपासता प्रश्न विचारायच्या. माझं लक्ष कधी निबंधाकडे, कधी दादांच्या गोष्टीकडे. आई घरी म्हणायची, त्या पेटीचे कान दर रविवारी पिळता, घरातल्या पंख्याकडं कवा बघणार? माझं बी.ए. त्या रविवारांमध्ये झालं. वर्गात नाही झालं. मला विचाराल तर आमच्या घरातली पहिली पदवी त्या तेलाच्या थेंबांची आहे.

बाईंनी दादांचा मान राखायला ते लपवलं की रविवारी दार वाजावं म्हणून लपवलं, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. आता विचारायचं राहून गेलं.

पदवीचा निकाल लागला तेव्हा मी धावत त्यांच्याकडे गेले. गुरुवार होता. बाईंनी माझ्यासाठी मुद्दाम वाजवलं. गुरुवारपर्यंत मधला पट्टा पार उतरलेला असायचा. त्यांनी तसंच पूर्ण वाजवलं, कुठे न थांबता, आणि मीही टाळ्या वाजवल्या.

बाई गेल्या तेव्हा माझं लग्न होऊन पाच वर्षं झाली होती. त्यांनी लिहून ठेवलं होतं की पियानो फिटरसाहेबांच्या मुलीला द्यावा. इंदिरानगरला तळमजल्यावरचं घर आम्ही आधीच घेतलेलं, नाहीतर काय केलं असतं कोण जाणे. दादा कारखान्यातली चार माणसं घेऊन आले आणि मशीन हलवतात तसा तो पाइपांवरून सरकवत आणला. माझा नवरा दारात उभा राहून म्हणाला, सासऱ्यांनी हुंडा दिला नव्हता तो आता आणला. दादा हसले नाहीत. त्यांचं सगळं लक्ष उंबऱ्यावर होतं.

रविवार आता इंदिरानगरला येऊ लागला. दादा निवृत्त झाले होते, स्कूटरवर यायचे. "थांबली का?" हा प्रश्न आता मला. आणि सुरुवातीला मी खरं उत्तर द्यायचे, नाही दादा, अजून थोडी. पण कारखान्यात चाळीस वर्षं प्रेसच्या आवाजात काढलेली. कान उतरायला लागले. आधी वरच्या पट्ट्यांचे सूर गेले, मग मधल्यांचे. ते पूर्वीच्याच विश्वासानं चावी फिरवायचे आणि भलत्याच जागी थांबून माझ्या तोंडाकडे बघायचे. सूर थरथरत असायचा.

"थांबली का?"

"थांबली," मी म्हणायची.

मी तोंडावर बोलणारी बाई आहे. पालकांना समोर बसवून सांगते की तुमचा मुलगा अभ्यास करत नाही, खोटं बोलतो. शाळेत मला वचकून असतात ते उगाच नाही. आणि दर रविवारी मी म्हाताऱ्या बापाला पन्नास वेळा थांबली म्हणायची. ते गेले की चावी घेऊन जमेल तसं मी पुन्हा लावायची.

एकदा मात्र मी सांगणारच होते. दादा पंच्याहत्तरीला आले होते. त्यांनी मधला एक सूर लावला, हात काढला, आणि चावी मांडीवर घेऊन बसून राहिले. मग म्हणाले, "इतकी मशीनं हाताखालनं गेली. एकेकाची नस मला ठाऊक हाय. हे एकच मला कळलं नाय. तीस वर्षं झाली. काहीतरी माझंच चुकतंय."

तेव्हा मला पहिल्यांदा जाणवलं की बाईंनी आणि मी काय केलं होतं. एका सकाळच्या चुकीतून वाचवायला आम्ही त्यांना तीस वर्षं नापास करत राहिलो होतो. तेल, असा एक शब्द मी बोलले असते तर त्यांना सगळं कळलं असतं. पकड, लाकूड, सगळं. त्यांच्यासारख्याला पुढचं सांगावंही लागलं नसतं. कदाचित ते दोन दिवस जेवले नसते आणि तिसऱ्या दिवशी त्यावर उपायही काढला असता.

मी म्हटलं, "हवा आहे दादा. दुसरं काय."

"हवा," ते म्हणाले आणि पुढच्या खुंटीवर चावी बसवली.

दोन वर्षांपूर्वी थंडीत ते गेले. चावी माझ्याकडे राहिली, रुमालासकट.

त्यानंतर काही महिने मी झाकणच उघडलं नाही. मग एक दिवस उघडलं आणि मधला पट्टा इतका उतरलेला होता की बाईंची चाल मलाच ओळखू येईना. तेव्हा मनात आलं की बाईंच्या फाटकाशी ऐकलेला तो सूर मला मरायच्या आधी एकदा ऐकायचाय. बाकी काही नको. चौकशी करता करता पुण्याचा एक ट्यूनर सापडला. तिशी-पस्तिशीचा, बोलायला मोकळा. त्यानं वरचं झाकण काढलं, दोन-तीन खुंट्या फिरवून बघितल्या आणि एक बाहेरच काढली. काळी आणि ओशट होती. तिच्याकडे बघून तो म्हणाला, "कुठल्यातरी अडाण्यानं तेल घातलंय इथे."

"माझ्या वडलांनी," मी म्हटलं. "टूलरूमचे फिटर होते. चांगल्यातलं तेल होतं."

त्यानं खुंटी हळूच खाली ठेवली. इतक्या वर्षांत हे मोठ्यानं बोलायची माझी पहिलीच वेळ. बोलून झाल्यावर मी आत गेले आणि चहा टाकला. कप घेऊन बाहेर आले तेव्हा त्याच्या हातात दादांची चावी होती, पियानोवर ठेवलेली असते तिथून घेतलेली. तो भोकात नख घालून बघत होता. मी सांगितलं, साबणात ठसा घेऊन केलीय, कानशीनं. त्यानं ती एका जुन्या खुंटीवर बसवली. खट्ट. पुन्हा काढली, पुन्हा बसवली.

"ही ज्यांनी केली त्यांनी तेल घातलं?" त्यानं विचारलं.

"हो."

"मग त्यांना कोणीतरी सांगायला हवं होतं."

मी त्याला साखर पाहिजे का विचारलं.

उपाय होता. मधल्या पट्ट्यातली एकेक खुंटी काढायची, भोक साफ करायचं आणि जास्त जाड खुंटी ठोकायची, म्हणजे लाकूड पुन्हा धरेल. नक्की सांगता येत नाही म्हणाला, पण बहुतेक धरेल. मी त्याला सांगितलं, करा. दादांना काम अर्धवट ठेवलेलं चालायचं नाही. तो चार दिवस येत होता. जुन्या खुंट्या मी एका स्टीलच्या डब्यात गोळा केल्या. तेलाचा वास अजून होता त्यांना, अगदी पुसट.

चौथ्या दिवशी दुपारी तो डोकं खाजवत म्हणाला की तीन खुंट्या कमी पडल्या. मोजताना चुकलं की दोन-तीन वाकड्या निघाल्या, काहीतरी झालं. पट्ट्याच्या टोकाचा एक सूर राहिला, बाईंच्या भाषेतला वरचा एफ. त्याच्या तीन जुन्या खुंट्या तशाच ठेवल्या आहेत, पुढच्या वेळी येताना घेऊन येतो. मी म्हटलं, काही हरकत नाही.

मग त्यानं सगळा पियानो लावला. मी त्याला म्हटलं, काहीतरी सावकाश वाजवा, आणि मी बाहेर जाऊन सोसायटीच्या फाटकाशी उभी राहिले. आमचं घर फाटकापासून चार पावलांवर. कोणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली, एक स्कूटर आत आली, आणि त्यातून तो सूर आला. उभा राहिला. हलला नाही. तोच होता. तीस वर्षांनी, अगदी तोच. मी फाटकाची कडी धरून ऐकत राहिले. त्याचं वाजवून झालं. मी तरी तिथेच. आतून कोणीतरी विचारेल आणि मी उत्तर देईन, अशी माझ्या अंगाला सवयच लागलेली होती. कोणी विचारलं नाही. वॉचमननं विचारलं, मॅडम, कोणाची वाट बघताय का.

त्याला आता काही महिने झाले. खुंट्या धरून आहेत. सोमवार असो की गुरुवार, कुठलीही पट्टी दाबा, सूर सरळ. रविवारी सकाळी मला काही काम उरलं नाही. नव्या खुंट्या जाड आहेत, त्यांच्यावर दादांची चावी बसतच नाही, वरच अडते. ती बसते फक्त त्या तीन खुंट्यांवर.

वरचा एफ शनिवारपर्यंत उतरतो. मी रविवारी आंघोळ करून, चहा घेऊन बसते. रुमाल सोडते, रबराचा तुकडा खोचते, चावी बसवते. खट्ट. एक तार, मग दुसरी, मग तिसरी. दहा मिनिटांचं काम. मी ते अर्ध्या तासावर नेलंय. थरथर मंद होते, आणखी मंद होते. थांबली की मी थांबली म्हणते. जरा मोठ्यानंच म्हणते, कानानं कमी ऐकणाऱ्या माणसाला सांगतात तसं. आतून नवरा विचारतो, काय म्हणालीस? मी म्हणते, काही नाही.

ट्यूनरचा दोनदा फोन आला. खुंट्या मिळाल्यात, नाशिकला दुसरं एक काम आहे, येताना तुमचं तेवढं करून टाकतो. पहिल्यांदा मी त्याला सांगितलं, परीक्षेचे पेपर तपासते आहे, घरात पसारा आहे. परवा पुन्हा फोन आला. या वेळेला मला पेपर नव्हते, पाहुणे नव्हते, काही नव्हतं. चावी समोरच होती, रुमालात.

मी म्हटलं, "इतक्यात नको. सध्या इथली हवा बरोबर नाही."